ओढगस्तीत कळतो झाडांचा शेजारधर्म

जून उजाडला, पहिला पाऊस पडला की गावोगाव खड्डे खोदायला सुरुवात होते. शाळेचे मैदान, ईदगाहचे कुंपण, कब्रस्तानची मोकळी कड, गावाबाहेरची टेकडी, कुठेही. रोपवाटिकेतून टेम्पो येतो. त्यात बहुधा एकाच जातीची रोपे असतात. ती स्वस्त पडतात, एका उंचीची असतात आणि रांगेत उभी केली की फोटोतही छान दिसतात. पुढच्या मे महिन्यात मात्र त्याच रांगांकडे पाहवत नाही. वाळलेल्या काड्या आणि त्यांच्याभोवती गोलाकार आळी, एवढेच उरलेले असते.

यात पाण्याचा दोष असतो, निगराणीचा असतो, मोकाट जनावरांचाही असतो. पण आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती म्हणजे झाडाचा शेजार. एकाच जातीची शंभर झाडे लावावीत की दहा जातींची दहा-दहा? महाराष्ट्र शासनाने २०१९ च्या पावसाळ्यासाठी ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. इतक्या मोठ्या संख्येसमोर हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. गेली तीसेक वर्षे जगभरचे वनशास्त्रज्ञ त्याच्यामागे लागले आहेत. त्यांच्या हाती आलेले उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. शेजारी किती उपयोगी पडतो हे तिथले हवामान ठरवते, असे ते उत्तर आहे.

ज्वारीच्या ओळीत तूर

हे उत्तर समजायला लांब जायला नको. मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, खरिपाच्या ज्वारीत तुरीच्या ओळी का टाकायच्या? ते सांगतील, ज्वारी लवकर वाढते, चार महिन्यांच्या आत काढणीला येते. तूर तोवर सावकाश असते. ज्वारी निघाली की तिला मोकळी जागा मिळते आणि तिची खोल मुळे जमिनीतली उरलेली ओल ओढून घेतात. एका पिकाला मार बसला तरी दुसरे हात देते.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० साली या जुन्या रिवाजाचा हिशोब मांडला. अनेक ठिकाणच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून त्यांनी पाहिले की शेतकऱ्याचे उत्पन्न एका ठरावीक किमान पातळीखाली किती वेळा जाते. नुसती तूर असेल तर पाच वर्षांतून एकदा, नुसती ज्वारी असेल तर आठ वर्षांतून एकदा. दोन्ही एकत्र असतील तर छत्तीस वर्षांतून एकदा.

छत्तीस वर्षांतून एकदा म्हणजे शेतकऱ्याच्या उमेदीच्या काळात जेमतेम एक वेळ. कोरडवाहू घरातल्या चुलीला या फरकाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मिश्र रान जास्त का वाढते?

जंगलाचेही असेच चालते का? आधी ‘उत्पादकता’ हा शब्द समजून घेऊ. एका हेक्टरवर, म्हणजे साधारण अडीच एकरांवर, वर्षभरात झाडांनी किती नवे लाकूड, पाने, मुळे तयार केली, ती त्या जंगलाची उत्पादकता. सरपण, चारा, लाकूड, हवेतून शोषलेला कार्बन या सगळ्यांचे मूळ तिच्यात आहे.

२०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जगभरातील ७,७७,१२६ कायमस्वरूपी नमुना-तुकड्यांवरील तीन कोटींहून अधिक झाडांची मोजमापे होती आणि वृक्षजाती होत्या ८,७३७. निष्कर्ष असा निघाला की एकूण जगाचा विचार केला तर जिथे जाती अधिक, तिथे वाढ अधिक. मात्र ही वाढ सरळ रेषेत चढत नाही. पहिल्या काही जातींमुळे मोठा फरक पडतो, पुढे प्रत्येक नव्या जातीमागे तो कमी होत जातो. एकाची दोन, दोनाची चार झाली की पुष्कळ मिळते. चाळीसची एक्केचाळीस झाली तर थोडेच.

यामागची कारणे तीन. पहिले कारण वाटणीचे. एकाची मुळे वरच्या थरात पसरतात, दुसऱ्याची खोल जातात. एकाचा शेंडा निमुळता असतो, दुसऱ्याचा पसरट. एक झाड लवकर पालवते, दुसरे उशिरा. त्यामुळे पाणी आणि ऊन वाया जात नाही. दुसरे कारण मदतीचे. शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. दाट पानांचे झाड शेजारच्या कोवळ्या रोपाला सावली देते. एका जातीवर पडलेली कीड मिश्र रानात सहज पसरत नाही. तिसरे कारण निव्वळ शक्यतेचे. दहा जाती लावल्या तर त्यांत त्या जागेला मानवणारी एखादी तरी निघतेच.

चीनच्या जिआंगशी प्रांतात २००९ पासून एक प्रयोग सुरू आहे. डोंगरउतारावर दीड लाखांच्या आसपास झाडे लावली, काही तुकड्यांत एकच जात, काहींत दोन, चार, आठ, अशा सोळापर्यंत. आठ वर्षांनी मोजले तेव्हा एकाच जातीच्या तुकड्यांत हेक्टरी सरासरी १२ टन कार्बन साठला होता, सोळा जातींच्या तुकड्यांत सुमारे ३२ टन. मात्र याच प्रयोगात असेही दिसले की व्यापारी लागवडीत वापरल्या जाणाऱ्या दोन जाती एकट्या लावल्या तरी सोळा जातींच्या मिश्रणाच्या जवळपास पोहोचल्या. म्हणजे जागा चांगली असेल आणि जात नेमकी निवडली असेल तर एकटे झाडही मागे राहत नाही.

सहा जंगले, एक कोडे

इथेच शास्त्रज्ञ अडकले होते. एका देशातला अभ्यास म्हणे मिश्र जंगल जास्त वाढते, दुसऱ्या देशातला म्हणे काही फरक पडत नाही, तिसऱ्यात उलटेच दिसे. खरे कोणाचे मानायचे?

हे कोडे सोडवण्यासाठी युरोपातील संशोधकांनी सहा ठिकाणची जंगले निवडली. फिनलंड, पोलंड, जर्मनी, रुमानिया, इटली आणि स्पेन. उत्तरेला फिनलंडचा लांबलचक हिवाळा आणि दोन-अडीच महिन्यांचा उन्हाळा. दक्षिणेला स्पेनच्या ताहो नदीच्या उगमाकडचे कोरडे पठार, जिथे ऐन उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतो. मधल्या देशांत ना फार थंडी ना फार कोरड. प्रत्येक ठिकाणी एका जातीचे आणि मिश्र जातींचे तुकडे निवडले.

मग त्यांनी झाडांचीच वही उघडली. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढली की त्यात वर्षावर्षाची वलये दिसतात. रुंद वलय म्हणजे सुखाचे वर्ष, अरुंद म्हणजे हालाचे. १९९७ ते २०११ या पंधरा वर्षांची वलये मोजून प्रत्येक तुकड्यात दरसाल किती लाकूड वाढले ते काढले. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

निकाल असा लागला. जिथे हवामान वाढीला आडवे येते, म्हणजे एका टोकाला थंड उत्तर आणि दुसऱ्या टोकाला कोरडा दक्षिण, तिथे मिश्र तुकडे एकजातीय तुकड्यांहून ठळकपणे पुढे होते. आणि जिथे हवामान सर्वांत अनुकूल होते, तिथे हा फायदा नाहीसा झाला, किंबहुना किंचित उलटा झाला. एका देशातला अभ्यास खरा आणि दुसऱ्यातला खोटा असे नव्हतेच. दोन्ही खरे होते, फक्त आपापल्या हवामानापुरते. पुढच्या वर्षी याच जंगलांवरील दुसऱ्या अभ्यासाने लाकडाच्या वाढीबरोबर जंगलाची इतरही अनेक कामे तपासली. त्यातही विविधतेचा फायदा कोरड्या हवामानाकडे जाताना वाढत गेलेला दिसला.

भरल्या घरातला शेजार

असे का व्हावे? आपल्या मोहल्ल्याकडे पाहिले तर अंदाज येईल. ज्यांच्या घरी सगळे आहे त्या शेजाऱ्यांमध्ये भांडण होते ते बांधावरून, भिंतीवरून, खिडकीत येणाऱ्या उजेडावरून. ज्या गल्लीत नळाला दोन दिवसांआड पाणी येते, तिथे एकीची घागर दुसरीच्या दारात ठेवलेली असते.

झाडांचेही तसेच. जिथे पाणी, ऊब आणि सुपीक माती मुबलक आहे तिथे झाडे दाटीने वाढतात आणि अंगाला अंग लागते. मग एकच गोष्ट कमी पडते, ती म्हणजे प्रकाश. सगळेच वर धावतात. जागा आधीच भरलेली असल्याने नव्या जातीला वेगळा कोपरा उरत नाही. अशा ठिकाणी जोमाने वाढणाऱ्या जातीऐवजी सावकाश वाढणारी चार झाडे आली तर एकूण वाढ थोडी घटणारच.

कठीण हवामानात झाडे विरळ असतात. मधे मोकळी जागा असते, पण ती भरायला एका जातीला जमत नाही, कारण त्या जातीची सगळी झाडे एकाच वेळी, एकाच थरातले पाणी मागतात. दुसरी जात आली की ती वेगळ्या थरातून, वेगळ्या वेळी घेते. त्यामुळे तेवढ्याच जमिनीत अधिक झाडे मावतात. युरोपातल्या त्या अभ्यासात नेमके हेच कारण पुढे आले.

ग्रानाडाच्या डोंगरावरची झुडपे

स्पेनच्या दक्षिणेला ग्रानाडा शहराच्या डोक्यावर सिएरा नेवादा ही पर्वतरांग आहे. तिचे सर्वांत उंच शिखर मुलासेन. हे नाव ग्रानाडाचा पंधराव्या शतकातील सुलतान अबुल हसन अली याच्यावरून पडले. डोंगरातले बर्फ वितळून येणारे पाणी अंदलुसी काळात खोदलेल्या पाटांमधून आजही काही गावांना मिळते. त्या पाटांना स्पॅनिशमध्ये ‘आसेकिया’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘साकिया’वरून आला.

या डोंगरांवर पुन्हा जंगल उभे करण्याचे प्रयत्न बराच काळ चालले आणि बरेच फसले. रीत अशी होती की झाड लावण्याआधी जमीन साफ करायची, असलेली झुडपे उपटून टाकायची, म्हणजे ती रोपांचे पाणी पिणार नाहीत. ग्रानाडाच्या संशोधकांनी ही रीत उलटी करून पाहिली. झुडपे राहू दिली आणि रोपे त्यांच्या सावलीतच लावली. अशा १४६ लागवडींचे निकाल त्यांनी २००४ साली एकत्र मांडले. झुडपाच्या आडोशाला लावलेली रोपे उघड्यावरच्या रोपांपेक्षा जास्त जगली. आणि हा फायदा कुठे सर्वांत जास्त होता? डोंगराच्या खालच्या, कोरड्या, उन्हाच्या उतारांवर. उंचावरच्या आणि सावलीच्या, ओलसर उतारांवर तो कमी होता. एकाच डोंगराच्या दोन कुशींत शेजाऱ्याची किंमत वेगवेगळी निघाली.

पानमळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. आपल्याकडे पानवेलीला शेवरी, हादगा, पांगारा यांची सोबत असते. ती वेलीला चढायला आधार देतात आणि सावलीही. उघड्या उन्हात पानवेल टिकत नाही, हे मळेवाल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मिश्रण म्हणजे जादू नव्हे

इथे एक सावधगिरी हवी. ‘पुष्कळ जाती लावा, सगळे ठीक होईल’ असे या संशोधनाचे म्हणणे नाही. सिएरा नेवादात सगळी झुडपे उपकारक ठरली नाहीत. सिस्टस नावाच्या झुडपांच्या शेजारी रोपांचे नुकसानच झाले. शेजारी कोण आहे यालाही महत्त्व असते.

दुसरे असे की कठीण जागा आणि कठीण वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या सहा जंगलांत जागेप्रमाणे फरक स्पष्ट दिसला, पण त्याच जागी एखादे वर्ष वाईट गेले म्हणून मिश्र जंगलाचा फायदा हमखास वाढला, असे दिसले नाही. स्पेनच्या त्या कोरड्या पठारावर ओकच्या सोबतीने वाढणारे पाइन एरवी एकट्या पाइनपेक्षा बरेच पुढे असत. दुष्काळी वर्षात मात्र ही आघाडी कमी झाली. तळाशी पाणीच उरले नाही तर वाटणी तरी कशाची करणार? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासाने तर मथळ्यातच सांगितले की वृक्षविविधता दुष्काळाशी झुंजायला दर वेळी मदत करतेच असे नाही.

तरीही नैसर्गिक मिश्र जंगल आणि माणसाने केलेली एकसुरी लागवड यांची तुलना केली तर पारडे कुठे झुकते, हे आपल्या सह्याद्रीतच पाहायला मिळाले. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात उपग्रहांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. बहुजातीय नैसर्गिक जंगले आणि सागवान-निलगिरीच्या लागवडी यांची त्यात तुलना होती. वर्षानुवर्षे कार्बन शोषण्याचे काम नैसर्गिक जंगलांनी अधिक स्थिरपणे केले. दुष्काळात लागवडी अधिक ढेपाळल्या.

आपल्या मातीसाठी अर्थ

महाराष्ट्राला हा विषय विशेष लागू पडतो, कारण इथे थोड्या अंतरात हवामान पार पालटते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. युरोपातील आकडे इथे जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. तिथल्या झाडांना हिवाळ्याची गाठ पडते, आपल्या झाडांना आठ महिन्यांच्या कोरडीची. पण त्यांनी दाखवलेली दिशा उपयोगी आहे. जितकी जागा कोरडी, तितका शेजाऱ्याचा आधार मोलाचा.

प्रत्यक्षात आपण बरोबर उलटे करतो. घाटातल्या ओल्या जंगलात निसर्गाने स्वतःच शेकडो जाती वाढवल्या आहेत. पर्जन्यछायेतल्या उघड्या टेकडीवर, जिथे मिश्रणाची सर्वांत जास्त गरज, तिथे आपण गिरिपुष्प, निलगिरी किंवा सुबाभूळ यांपैकी एकच जात रांगेने लावून मोकळे होतो. ‘इथे दुसरे काही जगत नाही’ हे त्याचे कारण सांगितले जाते. पण दुसरे काही जगावे म्हणून आधी सावली देणारे शेजारी आपण लावलेले नसतात. उलट आधी असलेली तरवड, करवंदी, बोरी साफ केलेली असते.

याला काळाचीही बाजू आहे. आज लावलेले चिंचेचे रोप आपल्या नातवंडांच्याही पुढे जाईल. त्याला जे हवामान सोसायचे आहे ते आपण पाहिलेले नाही. उन्हाळे तापत आहेत, पावसाचे दिवस बेभरवशाचे होत आहेत. आज जी जागा झाडांना सुखाची आहे ती उद्या ओढगस्तीची होऊ शकते. आणि ओढगस्तीत शेजारी लागतो.

रोप लावण्यापूर्वी

मग येत्या पावसाळ्यात काय करावे? गावाची, शाळेची किंवा जमातीची जागा असेल तर खड्डे खोदण्याआधी एक चक्कर मारावी आणि तिथे आपोआप काय उगवले आहे ते पाहावे. जे पाण्याविना जगले आहे, ते त्या जागेचे जुने रहिवासी आहे. ते उपटू नये. नवी रोपे त्याच्या सावलीच्या बाजूला लावावीत. घाणेरीसारखी सगळे व्यापून टाकणारी परकी झुडपे मात्र काढावीत.

जाती निवडताना संख्येपेक्षा स्वभाव पाहावा. कोरड्या भागात खोल मुळांचा कडुनिंब, नत्र देणारे खैर आणि शिरीष, काटक बोर, पसरट सावलीची चिंच, मधे सीताफळ आणि तरवड अशी पाच-सात स्वभावांची जुळणी पुरते. बोरीची पाने गुस्लाच्या पाण्यात घालतात, त्यामुळे कब्रस्तानच्या कडेला ती तर हवीच. फक्त मोठी झाडे कबरींपासून दूर, कुंपणाच्या बाजूला असावीत. झाडे जातवार रांगांत न लावता मिसळून लावावीत, कारण रांगेने लावलेल्या दहा जाती एकमेकींच्या शेजारी येतच नाहीत.

आणि सगळीकडे झाडे हवीतच असेही नाही. माळरान ही ओसाड जागा नव्हे. गवत, तिथले पक्षी आणि मेंढपाळांचा चारा ही त्याचीही एक जुनी वसती आहे. तिथे दाट झाडी लादू नये.

रोपवाटिकेत सात जातींची रोपे मागितली तर दुकानदार थोडी कुरकूर करील, दोन-तीन ठिकाणी फिरावे लागेल. फोटोही तितका नीटस येणार नाही, कारण एक रोप उंच, एक बुटके, एक काटेरी असेल. पण दोन उन्हाळे सरल्यावर त्या जागी जाऊन जिवंत झाडे मोजा. पावसाळ्यात किती रोपे लावली, या आकड्यापेक्षा तो आकडा खरा.